शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांमध्ये ठिकाणानुसार जनुकीय फरक कसा शोधायचा: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या डिझर्टेशनला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी पुण्यात बरीच मुलं असा विषय घेतात की अमुक परजीवीच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या पॉप्युलेशनमध्ये जनुकीय फरक किती, आणि मग पहिलं काम काय तर मोबाईलवर नकाशा उघडून चार टोकांना चार टाचण्या मारायच्या, जुन्नर, बारामती, मुळशी, झालंच तर कोकणातलं एखादं गाव, की झाले आपले सॅम्पलिंग पॉइंट. इथेच जरा थांबा. जंत स्वतःच्या पायाने गाव बदलत नाही, तो ज्याच्या पोटात आहे त्या जनावराबरोबर जातो. त्यामुळे दोन गावांमध्ये किती किलोमीटर आहेत यापेक्षा त्या दोन गावांमध्ये शेळ्या-मेंढ्यांची ये-जा किती आहे हे आधी बघायचं. हे डोक्यात पक्कं बसलं तर पुढचं सॅम्पलिंग, मार्कर (म्हणजे तुलनेसाठी निवडलेला डीएनएचा तुकडा), आकडेमोड सगळं त्याच्या मागून येतं, आणि नाही बसलं तर शेवटी एफएसटी (पॉप्युलेशनमधला जनुकीय फरक मोजणारा आकडा, शून्य म्हणजे फरक नाही) जवळपास शून्य येतो आणि पोरं समजतात की प्रयोग फसला.

१. आधी परजीवी कोणता ते ठरवा

माझं मत विचाराल तर सुरुवातीला माणसाच्या परजीवींच्या वाटेला जाऊ नका. मलेरिया वगैरे वाचायला भारी आहे पण पेशंटचं रक्त, संमतीपत्र, एथिक्स कमिटी यातच वर्ष जातं. गोचीड घेता येईल, पण मी हिमॉन्कस कॉन्टॉर्टस घ्या म्हणेन. शेळी-मेंढीच्या चौथ्या पोटात, म्हणजे अ‍ॅबोमेसममध्ये राहणारा आणि रक्त पिणारा गोल जंत. डोळ्यांनी दिसतो, मादी साधारण २ ते ३ सेंटिमीटर, नर त्याहून लहान. मादी ओळखायला अगदी सोपी कारण रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडनलिका वेढे घेतात. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त घालवतो, म्हणजे १००० जंत असले तर शेळीचं रोज ५० मिलिलिटर रक्त गेलं, मग जनावर पांढरं पडतं, जबड्याखाली पाणी साचून सूज येते आणि पावसाळ्यात करडं पटापट दगावतात. हे मेंढपाळांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, पापणी उलटून बघून ते सांगतात की याला डोस पाजायला झालाय.

अभ्यासाच्या दृष्टीने याचा फायदा असा की यावर जगभर काम झालंय त्यामुळे तुलना करायला मटेरियल आहे. याचा जीनोम पहिल्यांदा २०१३ मध्ये आला, आणि २०२० मध्ये क्रोमोसोमच्या पातळीपर्यंत जुळवलेला आला, ५ ऑटोसोम आणि एक एक्स. नराला एकच एक्स, वाय नसतोच. २०१९ मध्ये पाच खंडांमधल्या २२३ जंतांचे जीनोम वेगवेगळे वाचून एक मोठा अभ्यास आला, त्यात हा जंत मूळचा आफ्रिकेचा आणि माणसाने जनावरं जिकडे नेली तिकडे पसरला असं चित्र दिसतं, अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेला तोसुद्धा असाच.

२. फरक पडतो कशामुळे, एवढं तरी समजून घ्या

म्युटेशनने नवे प्रकार तयार होतात, ड्रिफ्टने म्हणजे निव्वळ योगायोगाने काही टिकतात काही जातात, सिलेक्शनने म्हणजे औषध, हवामान वगैरेमुळे काही पुढे येतात, आणि जीन फ्लोमुळे दोन ठिकाणचे प्रकार एकमेकांत मिसळतात. वेगवेगळ्या ठिकाणच्या पॉप्युलेशन एकमेकांपासून किती दूर गेल्या हे मुख्यतः ड्रिफ्ट आणि जीन फ्लोच्या ओढाताणीवर ठरतं.

आता हिमॉन्कसची गोष्ट अशी की एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते, लेंडीतून बाहेर पडलेल्या अंड्यातून ओल आणि ऊब असली तर आठवड्याभरात लागण करणारी अळी तयार होते, ती गवतावर चढते, जनावराने खाल्ली की साधारण तीन आठवड्यांत पुढची मादी अंडी घालायला लागते. एका कळपात असे जंत लाखांनी असतात. एवढी मोठी संख्या असली की ड्रिफ्ट फार हळू चालतो, आणि म्हणून एकाच कळपातसुद्धा प्रचंड विविधता सापडते.

१९९५ मध्ये अमेरिकेत मायकेल ब्लोइन आणि सहकाऱ्यांनी गुराढोरांचे आणि मेंढ्यांचे चार जंत आणि हरणाचा एक जंत असे पाच प्रकार घेऊन मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए तपासला. पाळीव जनावरांच्या जंतांमध्ये बहुतेक सगळा फरक एकाच पॉप्युलेशनच्या आत होता, शेकडो मैल लांबची राज्यं घेतली तरी आपसात फारसा वेगळेपणा नाही, कारण जनावरं ट्रकमधून सगळीकडे जातात. हरणाच्या जंतात मात्र अंतर वाढेल तसा फरक वाढत गेला, कारण हरणं कोणी ट्रकमध्ये घालून नेत नाही. हा पेपर आधी वाचा, बाकीचं नंतर.

३. नकाशाच्या आधी जनावरांचा प्रवास काढा

यावर सगळ्यात जास्त वेळ घाला, पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) कोणीही शिकवेल.

पुणे जिल्ह्यात हा विषय करायला जी मजा आहे ती दुसरीकडे सहज मिळणार नाही. एक तर पाऊस बघा, लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या पुढे आणि बारामतीला ५०० च्या आसपास, तेही एकाच जिल्ह्यात. मावळ-मुळशीत अळ्यांना महिनोन्महिने ओल मिळते, बारामती-इंदापूरकडे उन्हाळ्यात कुरणावरच्या अळ्या वाळून मरतात आणि जंत टिकतो तो बहुतेक जनावराच्या पोटातच. दुसरं म्हणजे पुरंदर, बारामती, फलटण या पट्ट्यातले बरेच धनगर मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा (म्हणजे कळप आणि बिऱ्हाड) घेऊन घाट उतरतात, कोकणात भात निघालेल्या खाचरांमध्ये मेंढरं बसवतात, आणि पावसाच्या आधी परत वर येतात कारण दख्खनी मेंढीला कोकणातला पाऊस मानवत नाही. म्हणजे दरवर्षी हजारो मेंढ्यांच्या पोटातून जंत देशावरून कोकणात आणि कोकणातून देशावर असा फिरतोय. सह्याद्री आपल्याला मोठी भिंत वाटते, या जंताला ती भिंत आहे की नाही ते मेंढका ठरवतो.

तिसरं बाजार. चाकणचा शनिवारचा बाजार म्हणजे जंतांचं स्वारगेट, इथून कुठलीही गाडी मिळते. बकरी ईदच्या आधी राजस्थानकडचे बोकड ट्रक भरून येतात, ते वेगळंच.

तर करायचं काय, गावात जाऊन वही घेऊन बसायचं आणि विचारायचं, मामा मेंढरं कुठं कुठं जातात, कोणत्या महिन्यात, वाटेत कोणाच्या शेतात बसवता, गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेरून किती खंडी विकत आणली (एक खंडी म्हणजे वीस, हे माहीत नसेल तर हिशोब चुकेल), मेंढा स्वतःचा की दुसऱ्याचा, जंताचं औषध कोणतं पाजता आणि कधी. औषधाचं नाव आठवत नसेल तर बाटली दाखवा म्हणायचं, बाटली सापडतेच. घाईत प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा चहा घेत बोललात तर खरा रस्ता कळतो, कारण कागदावर सगळे सांगतात की आम्ही कोकणात जातो आणि बोलताना कळतं की भाऊ दुसऱ्या घाटाने उतरतो आणि दोघांचा तळ शेवटी एकाच गावात पडतो.

मग गट असे पाडा: बारामतीकडच्या कधीच गाव न सोडणाऱ्या, गोठ्यात बांधून पोसलेल्या उस्मानाबादी शेळ्या, त्याच भागातल्या कोकणात जाणाऱ्या मेंढ्या, रायगडात जिथे त्या मेंढ्या बसतात तिथल्या स्थानिक शेळ्या, आणि मावळ-मुळशीतल्या अशा वाड्या जिथे बाहेरचा कळप येत नाही. जनावरांच्या ये-जा करण्यामुळेच फरक ठरत असेल तर दुसरा आणि तिसरा गट मधे घाट असूनही जवळचे निघायला हवेत आणि पहिला-दुसरा शेजारी असूनही त्यांच्यात थोडा तरी फरक दिसायला हवा. उलट निघालं तरी उत्तरच आहे. हे भाकीत सॅम्पल गोळा करायच्या आधी गाईडला लिहून द्या, नंतर गोष्ट रचण्यात अर्थ नाही.

आणि चार गट म्हणजे चार गावं असं करू नका. पुढे अंतर आणि जनुकीय फरक यांचा संबंध तपासायला मँटेल टेस्ट लावाल, चार ठिकाणांत फक्त २४ क्रमबदल होतात, म्हणजे पी-व्हॅल्यू कितीही नशीब जोरावर असलं तरी ०.०४ च्या खाली जाणारच नाही. आठ-दहा कळप तरी हवेत.

४. सॅम्पल

दोन मार्ग आहेत. कत्तलखान्यातून मोठे जंत मिळतात, भरपूर मिळतात, पण ते जनावर कुठलं याची खात्री नसते. पुण्यात कापलेला बोकड पुण्याचा असेलच असं नाही, मागच्या आठवड्यात बाजारातून आला असेल तर त्याच्या पोटातला जंत कुठला म्हणायचा. ज्याचं मूळ गाव नक्की सांगता येतं तेवढीच जनावरं घ्या, बाकीची सोडून द्या, मोह होतो पण सोडा. गावातला ओळखीचा खाटीक यासाठी जास्त उपयोगी, त्याला माहीत असतं कोणाच्या गोठ्यातलं बोकड आहे.

चौथं पोट दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून थंड डब्यात आणायचं, उघडून सलाईनमध्ये धुवायचं आणि जंत चिमट्याने वेचायचे. थेट अ‍ॅबसोल्यूट अल्कोहोलमध्ये. फॉर्मालिन अजिबात नाही, फॉर्मालिनमध्ये गेलेल्या जंतातून नीट डीएनए मिळणं म्हणजे डोकेदुखी. एका दिवसाने अल्कोहोल बदला कारण जंतातलं पाणी त्यात उतरतं. नळीवर मार्करने लिहिलेलं अल्कोहोल सांडलं की पुसलं जातं, म्हणून पेन्सिलने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून तो आतच टाका.

दुसरा मार्ग लेंड्यांचा. गावातच राहणाऱ्या जिवंत जनावराच्या ताज्या लेंड्या घ्यायच्या, जमिनीवरच्या नकोत, आणि लॅबमध्ये २५ ते २७ डिग्रीला आठवडाभर ओलसर ठेवून तिसऱ्या अवस्थेतल्या अळ्या काढायच्या. इथे एक गोष्ट नवीन मुलांना कोणी सांगत नाही, लेंड्या फ्रिजमध्ये ठेवू नका, हिमॉन्कसची अंडी थंडीत मरतात आणि दुसऱ्या जातींची टिकतात, म्हणजे तुमचं कल्चर खोटं सांगायला लागतं. कल्चरमध्ये ट्रायकोस्ट्राँगायलस, इसोफॅगोस्टोमम पण निघतात, त्यामुळे प्रत्येक अळी ओळखूनच पुढे न्यायची. एका अळीत डीएनए फार थोडा असतो पण पीसीआरला पुरतो.

किती घ्यायचे? एका कळपातून २० ते ३० जंत, पण ते निदान पाच-सहा जनावरांमधून. एकाच शेळीतून तीस घेतले तर तुम्ही कळप तपासला नाही, एक शेळी तपासली.

परवानगीचं विसरू नका, संस्थेच्या प्राणी एथिक्स कमिटीला आधीच विचारून ठेवा, कापलेल्या जनावराचं असलं तरी. आणि सॅम्पल परदेशी लॅबला पाठवायचं असेल तर जैवविविधता कायद्याची परवानगी लागते, ती वेळखाऊ आहे.

५. लॅब

शक्यतो नर जंत वापरा. शेपटीला पंख्यासारखा बर्सा असतो त्यावरून ओळखतो. मादीच्या पोटात शेकडो फळलेली अंडी असतात, त्यात वेगवेगळ्या नरांचा डीएनए असतो, त्यामुळे न्यूक्लियर मार्कर लावला की एका जंताऐवजी आख्ख्या खानदानाचा निकाल येतो. मादीच घ्यावी लागली तर फक्त डोक्याकडचा तुकडा कापून घ्या. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो म्हणून त्यात हा घोळ होत नाही.

आधी जात पक्की करा. शेळ्या-मेंढ्या आणि गुरं एकत्र चरत असतील तर हिमॉन्कस प्लेसी हा गुरांचा भाऊबंद पण सापडू शकतो, दिसायला जवळपास तसाच. आयटीएस-२ नावाचा २३१ बेसचा तुकडा आहे, त्यात २४, २०५ आणि २१९ या तीन जागांवर दोन जाती कायम वेगळ्या असतात. सिक्वेन्सच्या आलेखात तिन्ही जागी दुहेरी शिखरं दिसली तर संकराची शंका घ्या, तो जंत वेगळा काढून ठेवा.

मग मुख्य मार्कर. मायटोकॉन्ड्रियाचा नॅड-४ हा जुना आणि भरवशाचा, जगभरच्या सिक्वेन्सशी तुलना करता येते. पण तो एकच लोकस (जीनोममधली एक जागा) आहे, एका लोकसवरून पॉप्युलेशनचा इतिहास सांगणं धाडसाचं. जोडीला मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतली पुन्हा पुन्हा येणारी छोटी अक्षरमाळ) घेतात, त्यात नल अ‍ॅलीलचा त्रास आहे, म्हणजे एका प्रतीवर प्रायमर (पीसीआर सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) बसतच नाही आणि हेटरोझायगोट (दोन वेगळ्या प्रतींचा) जंत होमोझायगोट (दोन सारख्या प्रतींचा) दिसतो, या जातीत हे जरा जास्तच होतं. बजेट असेल तर जीनोमभर पसरलेले एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) घ्या, पण तेव्हा लक्षात ठेवा की जंताच्या आतड्यात शेळीचं रक्त आहे, वाचलेल्या डीएनएतला काही भाग शेळीचा निघणार, तो गाळावा लागतो. प्रत्येक पीसीआरला डीएनए न घातलेली एक नळी हवीच, हे सांगायला नको पण सांगतो.

६. आकडे आले, आता

नॅड-४ चं हॅप्लोटाइप नेटवर्क (सिक्वेन्सचे वेगवेगळे प्रकार एकमेकांशी जोडून दाखवणारं जाळं) काढलं की बहुतेक वेळा एक गुंतवळ दिसते, जवळजवळ प्रत्येक जंताचा हॅप्लोटाइप वेगळा. घाबरू नका, हिमॉन्कस असाच आहे. अशा वेळी नुसत्या हॅप्लोटाइपच्या वारंवारतेवर काढलेला एफएसटी फारसं सांगत नाही, सिक्वेन्समधलं अंतर धरून काढलेला फाय-एसटी बघा. अमोव्हा (एकूण फरक कोणत्या थरात किती ते वाटून दाखवणारी आकडेमोड) करताना थर नीट लावा, विभाग, त्यात कळप, त्यात जनावर, त्यात जंत.

एफएसटी ०.०५ च्या खाली आला की मुलं लिहितात, या पॉप्युलेशनमध्ये भरपूर जीन फ्लो आहे. थांबा. पॉप्युलेशन प्रचंड मोठी असेल तर ड्रिफ्ट हळू चालतो, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी वेगळे झालेले दोन कळपसुद्धा आज सारखेच दिसतील, मधल्या काळात एकही मेंढरू इकडून तिकडे गेलेलं नसलं तरी. आज ये-जा चालू आहे का हे कळायला तुमची ती वही लागते. म्हणून मँटेल दोनदा करा, एकदा किलोमीटरच्या तक्त्याशी आणि एकदा जनावरांच्या ये-जाच्या तक्त्याशी (किती कळप, किती महिने एकत्र, बाजार एकच का), आणि दोन्हींत कोणाचा संबंध जास्त पक्का ते बघा. माझ्या मते आख्ख्या थिसिसमधला हाच खरा नवीन भाग असेल.

स्ट्रक्चर नावाचा, जंतांचे जनुकीय गट पाडणारा प्रोग्राम सगळे चालवतात, रंगीत पट्ट्या छान दिसतात. तो तुम्ही सांगाल तितके गट पाडून देतो, गट नसले तरी. के (म्हणजे गटांची संख्या) बरोबर एक हासुद्धा निकाल असतो, तो लपवू नका.

७. औषधाच्या जनुकाचं वेगळं बघा

अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल या गटाच्या औषधांना जंत दाद देत नाही तेव्हा बहुतेकदा बीटा-ट्यूब्युलिन जनुकातल्या १६७, १९८ किंवा २०० या जागांपैकी एकावर अमिनो अ‍ॅसिड बदललेलं असतं. हे जनुक तटस्थ मार्करांमध्ये (ज्यांच्यावर सिलेक्शन नाही अशांमध्ये) मिसळायचं नाही कारण त्यावर औषधाचं थेट सिलेक्शन आहे. पण शेजारी ठेवून बघण्यात खरी गंमत आहे: बाकी जीनोम सगळीकडे सारखा आणि हे एक जनुक गावागणिक वेगळं असं झालं तर फरक औषधाने पाडलाय.

पुढचा प्रश्न, प्रतिकार एकदाच तयार होऊन जनावरांबरोबर पसरला की ठिकठिकाणी वेगवेगळा उगवला? बदललेल्या जागेच्या आजूबाजूचा सिक्वेन्स बघा, सगळीकडे तोच असेल तर पसरलाय, वेगवेगळा असेल तर स्वतंत्र उगवलाय. मलेरियात दोन्ही उदाहरणं आहेत, क्लोरोक्विनचा प्रतिकार आग्नेय आशियातून आफ्रिकेत पोचला, आणि आर्टेमिसिनिनचा रवांडात आपला आपण उभा राहिला.

कोरड्या तालुक्यांत एक शंका जरूर तपासा. भर उन्हाळ्यात कुरणावर अळ्या नसताना सगळ्या कळपाला एकदम डोस पाजला तर वाचलेले जंत फक्त प्रतिकारवाले, आणि पावसाळ्यात पुढची सगळी पिढी त्यांचीच. मावळात तेच औषध पाजलं तरी गवतावर औषध न लागलेल्या अळ्या भरपूर असतात, त्या मिसळून प्रतिकार पातळ करतात. म्हणून डोसचा महिना वहीत हवाच, आणि निकाल आला की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना तो आधी दाखवा.

८. सिक्वेन्स जमा करताना

जेनबँकेत (सिक्वेन्सचा सगळ्यांसाठी खुला साठा) टाकताना ठिकाणाच्या रकान्यात नुसतं इंडिया लिहून सोडू नका, तालुका, तारीख, शेळी की मेंढी, जात, सगळं लिहा, अक्षांश-रेखांश गावाचे द्या, मेंढपाळाच्या घराचे नको. कळप फिरता असेल तर तेही टिपेत लिहा, कुठून कुठे आणि कोणत्या महिन्यांत, कारण त्या रकान्यात एकच गाव मावतं. उरलेले जंत अल्कोहोलसकट उणे २० ला ठेवा, नळ्यांची यादी गाईडकडे एक आणि ज्युनियरकडे एक.